बाईंचे पाहुणे

२०१७ साल. मला सहासष्ट पूर्ण झाली होती, आणि जन्मात पहिल्यांदा एका बाईमाणसाच्या हाताखाली काम करायची वेळ माझ्यावर आली होती. ती पण मीच ओढवून घेतलेली. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आबा, आता घरी बसा." मला कुणी बसा म्हणलं की मी उठतो. सेलूत जिनिंगच्या मागच्या रस्त्याला, बाहेरून आलेल्या मजुरांच्या कुटुंबांसाठी एक मदत केंद्र निघालं होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं नळ. तिथं राखणदार पाहिजे होता. माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचललेला माणूस मी, मला दोन खोल्या राखायला काय अवघड?

गेलो तर उंबऱ्यावर एक उंच, वाळकी बाई बसलेली. पांढरी साडी, पायात शाळेच्या पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, उजव्या हातात गड्याचं घड्याळ. आत चार खुर्च्या रिकाम्या होत्या.

"काय काय येतं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"गठाण उचलता येती."

"इथं गठाणी न्हाईत."

"मग बसता येतं."

"बसायला मी हाय. तुमी उभे रहा."

मला राग आला. तसाच वळून घरी जाणार होतो, पण वळलो असतो तर हरलो असतो. म्हणून राहिलो.

बाई बोरीकडच्या खेड्यांत तीस वर्षं नर्स होत्या. त्या भागातली निम्मी माणसं आपल्या हातात पहिल्यांदा रडली, असं त्या सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सवड न्हाई मिळाली." एवढी धीट बाई, पण पालीला भ्यायची. भिंतीवर पाल दिसली की उंबऱ्यावरून हाक यायची, "मामा, ती आली बगा." मी झाडू घेऊन गेलो की डोळे गच्च मिटून म्हणायच्या, "मारू नका तिला. फक्त म्हणावं, आज दुसरीकडं बस." मी पण पालीला तसंच सांगायचो. वय झालेल्या माणसानं पालीशी काय बोलावं, पण बोलायचो.

केंद्रात खरं काम करायची ती कॉलेजची पोरं. परभणीला समाजकार्याचं कॉलेज आहे, तिथली पोरंपोरी दर गुरुवार-शुक्रवार सकाळच्या पॅसेंजरनं सेलूला यायची. शिकायला म्हणून यायची आणि इथल्या मजुरांच्या घरी जाऊन पोरांची शाळा, बायांचं दवाखान्याचं, रेशनचं बघायची. बाई त्या पोरांना "पाहुणे" म्हणायच्या. आणि मध्य प्रदेशातून, बडवानीकडून जिनिंगला आलेल्या त्या आदिवासी मजुरांना म्हणायच्या "घरचे". मी म्हणलं, "बाई, तुमचं उलटं झालंय. ही पोरं आपल्या जिल्ह्याची, अन् ते परमुलखातले."

"मामा, परीक्षा झाली की हे जाणार. ह्यांच्या गाड्या ठरलेल्या हायत. त्या लोकांची इथं चूल हाय. ज्याची चूल इथं, तो घरचा."

पहिल्या दिवशी त्या पाहुण्यांचे पेन काढून घ्यायच्या. एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात सगळे पेन. महिनाभर परत नाही. परभणीचा एक पोरगा बेचाळीस प्रश्नांचा छापील कागद घेऊन आला होता. बाईंनी तो कागद शांतपणे वाचला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या माठाखाली सारला. माठ बसला. म्हणाल्या, "बगा, लगेच उपयोग झाला." पोराचं तोंड एवढंएवढं झालं.

"मॅडम, मग लिहायचं कसं?"

"लिहायचं न्हाई. पेन दिसलं की माणूस सरकारी बोलतंय. तुमी जा, बसा, पाणी द्यायलेत तर प्या, अन् परत येऊन मला सांगा."

आणि परत आल्यावर जे विचारायच्या ते ऐकून मला पण हसू यायचं. चुलीवर काय होतं? भांडं झाकलेलं का उघडं? लेकरू कुणाच्या मांडीवर होतं? दोरीवर किती कपडे वाळत होते, त्यात लहान मापाचे किती? एकदा एका पोरीनं सांगितलं, कपडे चार जणांचे होते पण घरच्यांनी माणसं तीनच सांगितली. बाई लगेच उठल्या, बूट चढवले आणि गेल्या. चौथी म्हणजे बारा वर्षांची पोर, तापानं फणफणलेली, आत गोधडीखाली झाकून ठेवलेली. आजारी दिसली तर कामावरून काढतील म्हणून लपवलेली. कागदावरच्या बेचाळीस प्रश्नांत दोरीवरच्या कपड्यांचा प्रश्न नव्हता. तेव्हापासून मी त्या बाईला मनातून मानायला लागलो. तोंडानं मात्र नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते माझ्या कमीपणाचं आहे पण सांगतो. बाई बौद्ध. मी जुन्या वळणाचा माणूस. पहिले पाच दिवस मी घरून माझा तांब्या घेऊन यायचो आणि त्यातलंच पाणी प्यायचो. बाईंना दिसत होतं. तीस वर्षं गावोगाव फिरलेल्या बाईला असले तांबे काय नवीन असणार? काही बोलल्या नाहीत. उलट उन्हात ठेवलेला माझा तांब्या उचलून सावलीत ठेवायच्या. सहाव्या दिवशी मी सांगितलं, तांब्या घरी विसरलो. खोटं होतं. त्यांनी माठातून पाणी काढून दिलं आणि म्हणाल्या, "म्हातारपणी होतंय असं इसरायला." पुढं चार वर्षं मी तो तांब्या विसरतच राहिलो.

भांडणं मात्र रोज व्हायची. झाडू कुठून मारायचा, इथपासून. त्या म्हणायच्या दाराकडून आत, मी म्हणायचो आतून दाराकडं. बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. माझं घर मी अजून आतूनच दाराकडं झाडतो, पण झाडताना कुणीतरी मागून बघतंय असं वाटतं.

आता रमलीचं सांगतो.

रमली बडवानीकडची. नवरा, ती आणि दोन लेकरं. जिनिंगच्या भिंतीला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, त्यातल्या शेवटच्या खोलीत राहायची. काम म्हणजे दिवसभर कापूस पायानं मशीनकडं लोटायचा. नाकातोंडात सगळी रुईची धूळ. तिथं सगळेच खोकतात, म्हणून कुणाचा खोकला कुणाला कळत नाही. पालमच्या एका पोरीला कळला. कॉलेजातल्या त्या पाहुण्यांतली सगळ्यात अबोल. वडील पालमला शिंपीकाम करायचे, ही परभणीला होस्टेलवर. तिनं परत येऊन बाईंना सांगितलं, "मॅडम, रमलीताई बसूनच भाकर थापायली, पण दर भाकरीला थांबायली."

बाईंनी दवाखान्यात नेलं. छातीचा क्षय निघाला. सहा महिने रोज गोळ्या, एक दिवस खाडा चालत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन महिने नेमानं घेतल्या की हिच्यापासून दुसऱ्याला धोका राहत नाही, पण मधेच सोडल्या तर रोग उलटतो आणि मग ह्या गोळ्यांना ऐकत नाही. रमलीनं एकच अट घातली. मुकादमाला कळता कामा नये. कळलं की हाकलून देणार.

मग बाईंनी युक्ती काढली. गोळ्या केंद्रातच ठेवायच्या. रमलीनं रोज सकाळी सातला हंडा घेऊन नळाला यायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं पाण्याला आली. आणि तिला एकटीला आजाऱ्यासारखं वाटू नये म्हणून बाई आपली ब्लडप्रेशरची गोळी तिच्याबरोबरच घ्यायच्या. नळापाशी दोघी समोरासमोर उभ्या. एक, दोन, तीन म्हणायचं, गोळ्या तोंडात टाकायच्या, पाणी प्यायचं आणि मग एकमेकींना जीभ काढून दाखवायची, की गिळली. साठीची नर्स आणि पंचवीस वर्षांची मजूरबाई, एकमेकींना जीभ दाखवून हसायच्या. गुरुवार-शुक्रवारी गाडी वेळेवर आली की पालमची पोरगी पण धावत येऊन जीभ दाखवायची, तिला काही गोळी नसताना.

असे अडीच महिने गेले. रमलीच्या गालावर जरा मांस दिसायला लागलं. साडेतीन महिने राहिले होते.

संक्रांतीनंतरचा बुधवार. मी जिनिंगच्या गेटसमोर टपरीवर चहा प्यायला गेलो. तिथं मुकादम बसलेला. हा माझ्या हाताखाली शिकलेला. मी गठाणी उचलायचो तेव्हा हा झाडलोट करायचा. आता खिशात दोन मोबाईल. चार लोकांत मला म्हणाला, "काय उस्ताद, आता बायांच्या हाताखाली पाणी भरायलाव म्हणं?"

लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पाणी भरायलो? अरे, माणसं जगवायलो माणसं! तुला काय माहीत. तुजी ती शेवटच्या खोलीतली रमली, मरायला टेकली होती छातीच्या बिमारीनं. रोज आमच्या नळावर गोळी घेती, म्हणून तुज्या मशीनीवर उभी हाय."

बोलून गेलो. बोलल्यावर टपरी गप झाली, तेव्हा मला वाटलं, जिंकलो. चहाचा कप ठेवून ताठ मानेनं निघालो. रस्ता ओलांडून केंद्राच्या वळणाला आलो आणि तिथं मला रमलीची अट आठवली. पण परत जाऊन मुकादमाला, कुणाला सांगू नको म्हणून विनवायचं? त्या झाडलोटवाल्याला? मी गेलो नाही. म्हणलं, एवढं तेवढं कोण लक्षात ठेवतंय.

गुरुवारी सकाळी सातला रमली नळावर आली नाही. आठला आली, हंडा न घेता. मुकादमानं शुक्रवारी दुपारच्या आत खोली रिकामी करायला सांगितली होती. सगळ्या ओळीत बोभाटा झालेला. शेजारणीनं तिच्या लेकरांना दारात उभं राहू दिलं नव्हतं.

रमली नळापाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "किसने बोला?"

बाई बोलायच्या आत पालमची पोरगी पुढं झाली. "मी, ताई. मैंने. गए हफ्ते मैं मुकादम के पास गई थी." तिनं फक्त एवढंच केलं होतं की रमलीला धुळीतून काढून बाहेर सरकी वाळवायच्या कामावर ठेवा, म्हणून मुकादमाला विनंती केली होती. कारण सांगितलं नव्हतं. पण तिला वाटलं, त्यावरूनच त्यानं ओळखलं. रडत रमलीचे पाय धरायला वाकली.

रमलीनं पाय मागं घेतले. बाईंनी गोळी पुढं केली तर तीही घेतली नाही. म्हणाली, आता गावाला जाते. तिथं आमचा बडवा आहे, मंतर घालणारा, तो झाडून देईल. इथली गोळी नको, इथलं कुणी नको. आणि गेली.

मी कुठं होतो? माठापाशी उभा होतो. हातात झाडू होता. तोंड होतं, जीभ होती, सगळं जागेवर होतं.

बाई दोनदा त्या ओळीत जाऊन आल्या, दार उघडलं नाही. मुकादमाला भेटल्या, जिनिंगच्या मालकालाही भेटल्या. डॉक्टरांना फोन लावून मालकाच्या कानाला धरला. मालक म्हणाला, धोका नसंल पण लोक ऐकत न्हाईत. पालमची पोरगी दुपारच्या गाडीला जाताना म्हणाली, "मॅडम, मी उद्या येईन अन् परत यायची न्हाई. मला हे काम जमत न्हाई. मी माणसं मारीन."

बाई म्हणाल्या, "उद्या ये. बाकीचं उद्या."

दिवस मावळायला बाई उंबऱ्यावर बसल्या. मी उभा.

"बसा मामा."

त्या दिवशी बसा म्हणल्यावर मी बसलो.

"हे लोक डोंगरातले," बाई म्हणाल्या. "ह्यांच्यात गाऱ्हाणं आलं की आधी एकच इचारतेत, कुणी केलं. का केलं, कसं केलं, ते मागून. करणारा समोर येऊन बसला की अर्धं गाऱ्हाणं मिटतंय. पण खोटा माणूस बसलेला त्यांना लगेच उमगतंय. सकाळी रमलीनं त्या पोरीचा एक शब्द पण खरा धरला न्हाई. तुमी बगितलं न्हाई का? तिला वाटलं, आपण कुणालातरी झाकायलोत. म्हणून गोळी नको म्हणाली."

मी उंबऱ्यापुढची माती बोटानं उकरत राहिलो.

"पोरीला मात्र खरंच वाटायलंय की तिनंच केलं. उद्या मीच जाते. सांगते, माज्या तोंडून निसटलं. माजं काय, म्हातारीचं. मला शिव्या देईल. पण निदान ती पोर तर सुटंल."

"तुमचं तरी ती खरं धरंल का?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. बुटाची नाडी सोडून परत बांधली. "न्हाई धरणार," म्हणाल्या. "पण दुसरं कोण हाय?"

टपरीवरचं त्यांना कळलं होतं का? सेलू केवढं, टपरी केवढी, चार माणसं ऐकणारी. मला वाटतं सकाळीच कळलं असणार. पण पुढच्या चार वर्षांत त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "मी आठ वाजता जाईन तिकडं. सातला न्हाई, आठला." आणि आठ म्हणताना घड्याळ असलेला हात उगाच वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी त्या ओळीत गेलो. सेलूत जन्म गेला पण त्या खोल्यांच्या दारात मी कधी पाय ठेवला नव्हता, एमपीवाले म्हणून लांबूनच हाका मारायचो. शेवटच्या खोलीपुढं रमलीचा नवरा गोधड्यांचं गाठोडं दोरीनं आवळत होता. रमली भांडी गोणीत भरत होती. मी दारापुढं मातीत बसलो. मांडी घातली, टोपी काढून पुढ्यात ठेवली.

"मैं बोल्या," मी म्हणलं. "उस पोरी ने नै. बाई ने नै. मैं बोल्या, टपरी पे, मुकादम को."

नवऱ्याचा हात दोरीवर थांबला. रमली हातातली परात घेऊन तशीच उभी.

"क्यों?" ती म्हणाली.

वाटेत मी चार कारणं जुळवली होती. मुकादमानं डिवचलं, चार लोक हसले, तोंडातून निसटलं, म्हातारपण. एकही तोंडात आलं नाही.

"बड़ा बनने के वास्ते," मी म्हणलं.

ती रागावली नाही, हसली नाही. मग परात गोणीत टाकली आणि विचारलं, "गोली खाऊं, तो रहूं कहां?"

"मेरे घर. दो खोली है. मैं अकेला."

नवरा तिच्याकडं बघायला लागला. दोघं त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही. कळायची वाट बघत बसलो तर माझाच धीर सुटेल असं वाटलं. मी उठलो, टोपी घातली, त्या माणसाच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि डोक्यावर चढवलं. सहासष्ट वर्षांच्या मानेला ते जड गेलं. चालायला लागलो. सगळी ओळ दारात येऊन बघत होती. मुकादमपण गेटात उभा होता. बघू दिलं.

डोक्यावर ओझं असलं की मागं वळून बघता येत नाही. पहिली दहावीस पावलं मागं काहीच वाजलं नाही. मग गोणीतली भांडी वाजायला लागली, आणि लेकरांच्या अनवाणी पायांचा आवाज.

केंद्र आलं. सात वाजत आले होते. बाई उंबऱ्यावर होत्या, स्टेशनकडून पालमची पोरगी येत होती. ती मला बघून थबकली. मी थांबलो नाही. चार पावलं पुढं गेलो आणि मागचा भांड्यांचा आवाज बंद झाला. नळ सुटला. बाईंचा आवाज आला, "आदी पाणी घे. नुसती गिळू नको."

मी सरळ घरी गेलो, गाठोडं उतरवलं आणि आतली खोली झाडायला घेतली.